पेव एकट्याने उघडत नाहीत

सोलापूर जिल्ह्यात, कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीतल्या आमच्या घराच्या अंगणात, गोठ्याच्या दारासमोर, एक पेव होतं. तोंड इतकं अरुंद की सडपातळ माणसाने खांदे आवळले तरच आत उतरता यावं. पोट मात्र रांजणासारखं फुगलेलं. आतून शेणामातीने लिंपलेलं, तळाला आणि कडेने कडब्याचा जाड थर, त्यात शाळू ज्वारी, वर पुन्हा कडबा, त्यावर शहाबादी फरशी आणि फरशीवर हातभर माती. अंगणातून बैलगाडी गेली तरी खाली दोन वर्षांचं खाणं झाकून ठेवलंय, याचा परक्या माणसाला पत्ता लागत नसे.

ते उघडताना मी एकदाच पाहिलं. १९७३ चा उन्हाळा होता आणि मी आठ-नऊ वर्षांचा. सकाळी पाच जण जमले. माती ओढली, पहारीने फरशी कलती केली आणि सगळे मागे सरले. आतून उबट, आंबूस वास आला, नाकात बसणारा. अज्जाने, म्हणजे आजोबांनी, पेटता कंदील दोरीला बांधून आत सोडला. दोन हात खाली गेला असेल, ज्योत बारीक झाली आणि विझली. कुणी काही बोललं नाही. अज्जा एवढंच म्हणाला, "नाळे." आमच्याकडे घरात कानडी, शाळेत मराठी आणि बाजारात दोन्ही. नाळे म्हणजे उद्या. दुसऱ्या दिवशी कंदील तळापर्यंत पेटता गेला, मग कमरेला दोर बांधून एक जण उतरला, दोघांनी दोर धरला, बाकीचे पाट्या ओढायला. कडेची ज्वारी काळी पडली होती, ती जनावरांना घातली. मधली शाबूत होती.

बंद पेवात धान्य श्वास घेत राहतं. आतला प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसून राहतो. कीड त्यानेच मरते आणि घाईने उतरलेला माणूसही त्यानेच मरतो. म्हणून पेव एकट्याने उघडायचं नाही, हा नियम होता. धान्य कितीही तुमच्या मालकीचं असो, ते बाहेर काढायला शेजारी लागायचे. आणि शेजारी आले की तुमच्याकडे किती आहे, हे गावाला कळायचं. झाकून ठेवता येईल, पण चोरून खाता येणार नाही, अशी ती व्यवस्था होती. गेल्या काही वर्षांत मी तिच्याबद्दल वारंवार विचार करतो आहे.

कारण आता पेव उरलं आहे ते फक्त बोलण्यात. कशाचाही सुळसुळाट झाला की आपण 'पेव फुटलं' म्हणतो. आणि सध्या सगळ्यात मोठं पेव फुटलं आहे ते जग बुडण्याच्या बातम्यांचं. दुधनीच्या बाजार समितीत तुरीच्या पोत्यांवर बसलेली माणसं मोबाइलवर तेच दाखवतात: अमुक तारखेला ग्रह एका रेषेत येणार, तिसरं महायुद्ध सुरू होणार, समुद्र मुंबई गिळणार, यंत्रं माणसाला संपवणार. तुरीचा भाव विचारायला आलेला शेतकरी भाव विसरून ते बघत उभा राहतो. ही भीती कुणी मूर्ख असल्यामुळे येत नाही. ज्याने एका महिन्यात अतिवृष्टी आणि दुसऱ्यात पावसाचा खंड पाहिला, ऑक्टोबर २०२० मध्ये बोरी नदीचं पाणी अक्कलकोट तालुक्यातल्या गावांत शिरलेलं पाहिलं, त्याला काहीतरी सांधा निखळला आहे असं वाटणं स्वाभाविक आहे. हवामानाचे आकडेही त्याला धीर देत नाहीत. माझं भांडण भीतीशी नाही, ती भीती माणसाला कुठे नेते याच्याशी आहे.

माझा एक पुतण्या पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. शहाणा, कामसू मुलगा. कोरोनानंतर त्याने दाराशी एक बॅग भरून ठेवली आहे: टॉर्च, औषधं, सुका खाऊ, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, रोख रक्कम, कागदपत्रं. त्यात काही चूक नाही, अशी बॅग प्रत्येक घरात असावी. पण मागच्या दिवाळीत तो मला म्हणाला, "काका, गावातलं घर नीट करून घेऊ या. बोअर, सोलर, उंच कंपाउंड, वर्षाचं धान्य. उद्या शहरात काही झालं तर तिथे येऊन राहता येईल."

मी विचारलं, "कंपाउंड कशाला रे?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, आपल्याकडे पाणी असेल आणि बाकीच्यांकडे नसेल, तर…"

वाक्य त्याने पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती. जगबुडीची तयारी करणाऱ्या सगळ्या संस्कृतीचा गाभा त्या अर्ध्या वाक्यात आहे. तिथे संकट म्हणजे पूर नाही, भूकंप नाही, दुष्काळही नाही. तिथे संकट म्हणजे शेजारी.

अमेरिकेत कॅन्सस राज्यात शीतयुद्धातल्या अण्वस्त्रासाठी खोदलेला जमिनीखालचा एक सायलो विकत घेऊन त्यात आलिशान सदनिका बांधल्या आहेत. वर पोलादी दार, बंदोबस्ताला माणसं, खाली पोहण्याचा तलाव. अमेरिकेतच शास्त्रज्ञांनी १९४७ पासून एक प्रतीकात्मक घड्याळ चालवलं आहे, मध्यरात्र म्हणजे सर्वनाश. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी काटा मध्यरात्रीला ८९ सेकंद कमी असताना ठेवला. त्या घड्याळामागे अण्वस्त्रांबद्दलची खरी काळजी आहे आणि ती मी मानतो. पण घड्याळ सगळ्यांना उद्देशून आहे, सायलो मात्र मोजक्यांसाठी. स्वित्झर्लंडने १९६३ च्या कायद्याने प्रत्येक रहिवाशासाठी आश्रयस्थानात जागा ठेवण्याचं ठरवलं. म्हणजे जमिनीखाली दोघंही गेले, एकाने यादीत सगळ्यांची नावं घातली आणि दुसऱ्याने दाराला आतून कडी घातली.

आपल्याकडे जग बुडण्याच्या तारखा काही कमी आल्या नाहीत. फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले, अष्टग्रही. देशभर यज्ञ झाले, लोकांनी प्रवास टाळले, व्यवहार पुढे ढकलले. काही झालं नाही. ११ जुलै १९७९ ला स्कायलॅब कोसळलं. त्याआधीचे काही दिवस मला नीट आठवतात. शाळेत अर्धी मुलं आली नव्हती, आणि तेलंगणाच्या बाजूला तर लोकांनी कोंबड्या-बकऱ्या कापून खाऊन घेतल्याच्या आठवणी अजून सांगतात. त्याचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. डिसेंबर २०१२ मध्ये माया लोकांच्या पंचांगाचं एक चक्र संपलं, तेही तसंच गेलं.

आता दुसरी यादी बघा. १२ जुलै १९६१, पानशेत. ११ डिसेंबर १९६७, कोयना. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. यातली एकही तारीख कुणा ज्योतिषाने दिली नव्हती. पण खुणा मिळाल्याच नाहीत असं नाही. किल्लारीच्या परिसरात १९९२ च्या ऑगस्टपासून जमीन हादरत होती. गुडगुड आवाज येत होते, लोक तक्रारी करत होते. ऑक्टोबरात एक मोठा धक्का बसून गेला. जवळपास वर्ष गेलं आणि अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर, लोक नुकते झोपले असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी सुमारे १० हजार माणसं गेली. बहुतेकांचा जीव भूकंपाने थेट घेतला नाही. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर टनावारी मातीचं माळवद यांनी घेतला. ही घरं आमच्याही गावात तशीच होती. त्या पहाटे आमचं घर हललं, माळवदातून माती गळली, अव्वा दाराची चौकट धरून उभी राहिली. पुढचा महिनाभर सगळी गल्ली अंगणात झोपली. नंतर अनेकांनी अंगणात पत्र्याची शेड घातली आणि माळवदाचं घर धान्य ठेवायला वापरू लागले. त्या वर्षी कुणी जगाच्या अंताबद्दल बोलत नव्हतं. कुणाची भिंत फुगली आहे, कुणाच्या छपराला किती टेकू लागतील, म्हातारीला बाहेर कोण उचलून आणेल, एवढंच बोलणं होतं.

माझा मुद्दा इथेच आहे. जगबुडीची भीती मोठी वाटते, पण ती सोयीची आहे. सगळंच संपणार असेल तर आपल्याला काही करायचं उरत नाही. फुगलेली भिंत मात्र कामाला लावते. अंताची तारीख मागणारा माणूस खुणा बघत नाही, कारण खुणा लहान असतात, गावच्या असतात, त्यांचा व्हिडिओ होत नाही.

सोलापूरची गड्ड्याची जत्रा ज्यांनी पाहिली आहे त्यांना भाकणूक माहीत आहे. संक्रांतीच्या दिवसांत, सिद्धेश्वराच्या होमानंतर, दिवसभर उपाशी ठेवलेलं देशमुखांचं वासरू रात्री आणतात. त्याच्यासमोर धान्य, गूळ, फळं मांडतात. ते काय खातं, मूत्र टाकतं का, बिथरतं का, यावरून मानकरी येतं वर्ष सांगतात. मी भाकणुकीवर विश्वास ठेवत नाही. तरी त्या प्रश्नांवर माझा विश्वास आहे. पाऊस कसा पडेल, कुठल्या मालाचा भाव वाढेल, रोगराई येईल का. म्हणजे आपल्या वाडवडलांनी देवालाही पुढच्या एका वर्षाचंच विचारलं. त्यांना जग कधी संपेल यापेक्षा जून कसा जाईल याची चिंता जास्त होती, कारण त्यांच्यासाठी जग अनेकदा संपून झालं होतं.

१८७६ ला पाऊस गेला तेव्हा सोलापूर जिल्हा सगळ्यात होरपळलेल्या भागात होता. दख्खन, कर्नाटक, मद्रास मिळून लाखो माणसं मेली. अक्कलकोटचे स्वामी समर्थ १८७८ च्या एप्रिलमध्ये गेले, म्हणजे त्यांची शेवटची दोन वर्षं याच दुष्काळाची. आज त्यांच्या नावाने 'भिऊ नकोस' हे शब्द रिक्षांच्या पाठीवर रंगवलेले दिसतात. ते वाचताना मला हटकून ती वर्षं आठवतात. असं आश्वासन कसल्या माणसांना लागत असेल, याची कल्पना येते.

पण त्या दुष्काळातली अंगावर येणारी गोष्ट वेगळीच आहे. तेव्हा आमच्याकडे आगगाडी होती. सोलापूरला ती १८६० मध्ये पोचली आणि १८७१ मध्ये पुढे रायचूरपर्यंत गेली, दुधनीवरूनच. धान्य वाहून आणायचं साधन दाराशी होतं. धान्य येतही होतं. पण शेतमजुराच्या हातात ते घ्यायला पैसा नव्हता, कारण शेतात काम नव्हतं, आणि भावात हात घालायचा नाही हे सरकारचं धोरण होतं. गाडी भाव असेल तिकडे माल नेते. त्याच काळात हिंदुस्थानातून विलायतेला गहू जात होता. दुष्काळी कामावरच्या मजुराची रोजी इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, दिवसभर खडी फोडणाऱ्याला. मुंबई इलाख्यात मजुरांनी त्या दराने काम करायला नकार दिला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळावरच्या पुस्तकात शास्त्रशुद्ध मांडलं ते हेच: माणसं मरतात ती बहुधा धान्य नसल्याने नाही, धान्यावर हक्क नसल्याने.

इथे मला माझ्याच अज्जाच्या पेवाकडे पुन्हा बघावं लागतं. ते उघडलं तेव्हा गल्लीतल्या घरांना ज्वारी मिळाली, हे खरं. ती सवाईने दिली होती, हेही खरं. पायलीला सव्वा पायली, पुढच्या सुगीला परत. आणि ज्यांच्याकडे सुगीच नव्हती, जमीनच नव्हती, ती माणसं वेशीपलीकडच्या वस्तीतून येऊन फाटकाशी उभी होती. त्यांना त्या दिवशी काय मिळालं ते मला आठवत नाही. मुलगा असताना ते माझ्या लक्षात राहिलं नाही, ही गोष्ट मला आता बोचते. पेव उघडायला शेजारी लागत, पण शेजारी कुणाला म्हणायचं हे जात ठरवत होती. म्हणून गावाकडच्या जुन्या व्यवस्थेची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाचं कोठार भुकेल्यांसाठी खुलं केलं, ही कथा आपण शतकानुशतकं सांगतो. त्या कथेत धान्याची किंमत बिदरला नेऊन भरतो तो विठू महार. परंपरेने देवाला नेमकं तेच रूप दिलं, याचा अर्थ कोठार कुणासाठी बंद असतं हे सांगणाऱ्यांना ठाऊक होतं. आणि कोठार उघडणं हा तेव्हा एका माणसाच्या मनाचा मोठेपणा होता. मोठेपणावर गाव जगत नाही. हक्क लागतो.

तो हक्क १९७२ च्या दुष्काळाने मिळवून दिला. त्या दुष्काळात महाराष्ट्रातलं पीक बुडालं, पण १८७६ सारखी प्रेतं पडली नाहीत. मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. आमच्या भागात खडी फोडणं, नाला बंडिंग, पाझर तलाव. बायका दुपारी हाताला चिंध्या बांधून दगड फोडत होत्या. शाळेत आम्हाला सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. मिलोच्या भाकरीला चव नव्हती, पण ती होती. त्या कामांवर माणसं रडली, मुकादमांनी हजेरीत खाडाखोडही केली, सगळं झालं. तरी त्या हजेरीपटावर नाव असणं म्हणजे धान्याच्या दुकानात उभं राहण्याची ताकद असणं होतं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव भागात सुरू केलेल्या प्रयोगातून रोजगार हमी वाढली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. देशाने तसा कायदा करायला २००५ उजाडलं.

या योजनेला पैसा कुठून आला हे फार थोड्यांना माहीत असतं. १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर लावला, तो रोजगार हमीसाठी. माझ्या पुतण्याच्या पगारपत्रकात दर महिन्याला २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार. त्याला ती एक किरकोळ कटकट वाटत होती. मी त्याला सांगितलं की जगबुडीची तयारी तू आधीच करतो आहेस, आणि कंपाउंड न बांधता. शहरातल्या नोकरदाराने दरमहा थोडं घालायचं आणि पाऊस गेला की खेड्यातल्या मजुराने ते कामाच्या रूपाने मागून घ्यायचं, असं हे अख्ख्या राज्याने मिळून खोदलेलं पेव होतं. त्यातलं किती झिरपलं, किती जणांना काम मागूनही मिळालं नाही, मजुरी किती महिने थकली, यावर भांडायला हवंच. पण भांडण त्या पेवाच्या तोंडाशी उभं राहून करायला हवं. घराघरात वर्षाचा किराणा भरून ते होणार नाही.

यावर पुतण्याने एक प्रश्न विचारला, आणि तो रास्त होता. "काका, सरकारच कोसळलं तर?" ज्या अंताची त्याला भीती वाटते त्यात कायदा, कर, रेशन, काहीच उरत नाही. मी त्याला खोटा धीर दिला नाही. अणुयुद्ध झालं तर रोजगार हमी उपयोगाची नाही, आणि उंच कंपाउंडही नाही. पण त्याच्या अलीकडची जी संकटं आहेत, पूर, साथ, दुष्काळ, उष्णतेची लाट, त्यात काय घडतं ते आम्ही दुधनीकरांनी अनुभवलं आहे.

देशातला कोरोनाचा पहिला मृत्यू १० मार्च २०२० ला कलबुर्गीत झाला. टीव्हीवर जगाची बातमी चालली होती आणि ती एकदम आमच्या शेजारच्या स्टेशनाची झाली. दुधनीच्या माणसाचा दवाखाना, लेकीचं सासर, कापडाचा बाजार कलबुर्गीत असतो. दोन आठवड्यांत गाड्या थांबल्या. सीमेवर नाके बसले. आसपासच्या गावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या आणि दगड टाकून रस्ते अडवले. लोकांनी त्या वेळी जे केलं ते भीतीने केलं, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण त्या फांद्यांनी विषाणू अडला नाही. अडली ती बाळंतपणाला निघालेली बाई, डायलिसिसचा रोगी, पुण्याहून पायी आलेली आपलीच पोरं. ज्यांच्या घरी तीन महिन्यांचं सामान होतं त्यांनाही चौथ्या दिवशी रक्तदाबाच्या गोळ्या लागल्या, आणि त्या आणून देणारं कुणीतरी लागलं.

ते कुणीतरी आमच्या गल्लीत आशाताई होती. तोंडाला ओढणी बांधून, उन्हात, घरोघरी. तिच्याकडे एक लांब वही होती, पाठ्यपुस्तकाच्या कागदात घातलेली. त्यात घराचा क्रमांक, माणसं किती, साठीपुढचे किती, कुणाला साखर, कुणाला दमा, कोण गरोदर, बाहेरून कोण आलं. हे सगळीकडेच भरून घेत होते. पण तिने कडेला पेन्सिलीने आणखी एक रकाना आखला होता, जो वरून आलेल्या नमुन्यात नव्हता. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "काका, या घरात पाणी भरणारं कुणी नाही, त्याची खूण आहे ही. नळ दोन दिवस आला नाही तर आधी इथे बघायचं."

त्या रकान्यात आमच्या गल्लीतली चार घरं होती. मी जन्मापासून तिथे राहतो. त्यातलं एक घर मला माहीत नव्हतं.

मध्यंतरी ती वही अजून आहे का म्हणून मी तिला विचारलं. पत्र्याच्या पेटीत होती. तिने ती काढून दाखवली. पेन्सिल पुसट झाली होती, त्या चार घरांतली दोघं वारली होती, आणि दुसऱ्या एका घरातली मुलं कामाला गुजरातेत गेल्याने तिथे आता एकटी सासू उरली होती. ती खूण तिने माझ्यासमोरच केली, या वेळी पेनाने. मग म्हणाली, "काका, तुमच्या अंगणात नळाला मोटर आहे ना? तुमचं नाव मी या खालच्या घरापुढे लिहू का?"